तुझा गोटा आधी काय होता

प्रिय ओंकार,

तू गेलास आणि तुझा गोटा खिडकीतच राहिला. परवा केर काढताना हाताला लागला आणि मी तो घेऊन तिथेच बसले. नदीकाठी तू मला तो दाखवून विचारलं होतंस, "आई, हा आधी काय होता?" अंधार पडायच्या आत परतायचं होतं, म्हणून मी म्हणाले, "मोठा दगड होता. लाखो वर्षं पाण्याने झिजून झिजून असा गुळगुळीत झाला." तू काही बोलला नाहीस, गोटा खिशात टाकलास. पण ते उत्तर तेव्हापासून मला टोचतंय. ते अपुरं होतं, आणि त्यातला काही भाग तर सरळ चुकीचा होता. तुझा प्रश्न फार नेमका होता, त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

भिंग घेऊन गोटा उजेडात धरला. लांबून तो करडा, एकसारखा दिसतो. भिंगाखाली मात्र तो नुसत्या दाण्यांचा आहे. काही दाणे धुरकट काचेसारखे, काही पिवळट, काही काळे, आणि सगळे एकमेकांना घट्ट चिकटलेले. मधून एक पांढरी रेघ आरपार गेली आहे. तिच्यावरून नख फिरव, ती बाकीच्या दगडापेक्षा किंचित वर आलेली लागते. आणि एका टोकाला टवका उडालाय. तिथली कड अजून बोटाला खरखरीत लागते, बाकी सगळा गोटा मऊसूत असूनही.

तू "आधी" विचारलंस, म्हणून मी उलट्या दिशेने जाते. सगळ्यात ताजी गोष्ट म्हणजे तो टवका. त्याची कड अजून बोथट झालेली नाही, म्हणजे तो उडून फार काळ लोटलेला नाही. बहुधा अलीकडच्याच एखाद्या पुरात उडाला असणार. नदी रोज थोडंथोडं काम करते असं आपल्याला वाटतं, पण तिचं मोठं काम वर्षातल्या मोजक्या दिवसांत उरकतं. एरवी पाणी गोट्यांवरून नुसतं वाहून जातं आणि गोटे जागचे हलत नाहीत. त्यांच्यावर शेवाळ धरतं, इतके ते निवांत असतात. पूर आला की वेग वाढतो, आणि वेग थोडा वाढला तरी पाण्याची वाहून नेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. मग तळाचे गोटे सुटतात, गडगडतात, उड्या मारतात, एकमेकांवर आपटतात. पुलावर उभं राहिलं तर पाण्याच्या आवाजाखाली एक खोल घरघर ऐकू येते. ती पाण्याची नसते, तळातून चाललेल्या दगडांची असते. मी ती एकदा ऐकली आहे. पायाखालचा कठडासुद्धा हलल्यासारखा वाटला होता.

इथे माझी पहिली चूक. मी म्हणाले, पाण्याने झिजला. नुसत्या स्वच्छ पाण्याला कठीण दगड झिजवायला फार वेळ लागतो. दगडाला झिजवतो तो मुख्यतः दगडच. वाळू, खडे, गोटे ही नदीची हत्यारं आहेत आणि पाणी ती चालवणारा हात. कातळावरून वाहणाऱ्या नद्यांच्या पात्रात रांजणखळगे असतात ना, गोल, खोल, आतून घोटून काढल्यासारखे, त्यांच्या तळाशी बघ. बऱ्याचदा दोन-चार गोल गोटे पडलेले सापडतात. भोवऱ्यात सापडलेले तेच गोटे गरगर फिरून तो खळगा खोदत असतात. आणि खोदता खोदता स्वतःही झिजत असतात.

दुसरी चूक लाखो वर्षांची. दगड गोल व्हायला तेवढा काळ लागतोच असं नाही. एकोणिसाव्या शतकात ऑग्युस्त दोब्रे नावाच्या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने दगडांचे टोकदार तुकडे आणि पाणी फिरत्या पिंपात घालून कितीतरी किलोमीटरांचा प्रवास होईल इतके घोळवले होते. ग्रॅनाइटचे तुकडे पंचवीसेक किलोमीटरांच्या घोळण्यातच नदीतल्या गोट्यांसारखे दिसू लागले. कोपरे आधी जातात आणि भराभर जातात, कारण प्रत्येक टक्कर कोपऱ्यावरच बसते. एकदा गोलाई आली की झीज मंदावते. म्हणजे तुझ्या गोट्याची गुळगुळीत कातडी ही त्याच्या आयुष्यातली अगदी कालपरवाची गोष्ट आहे. लाखो आणि कोटी वर्षं त्याच्या आत आहेत.

नदीत येण्याआधी तो कुठल्यातरी उतारावरच्या कड्यात होता. तिथून तो सुटला कसा? कातळ अखंड दिसतो, पण त्याच्या अंगात भेगा असतात. डोंगर वर येताना, वरचं ओझं उतरताना, तापताना, थंड होताना पडलेल्या. त्या भेगांत पाणी शिरतं. थंड प्रदेशात रात्री ते गोठतं, आणि गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. बंद फटीत वाढायला जागा नसते, म्हणून ते फट रुंदावतं. दिवसा वितळतं, आणखी आत झिरपतं, रात्री पुन्हा गोठतं. जिथे बर्फ पडत नाही तिथे झाडांची मुळं हेच काम करतात, केसासारखी आत शिरतात आणि मनगटाएवढी होतात.

याहून शांत आणि माझ्या मते याहून मोठं काम पावसाचं पाणी करतं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यामुळे ते अगदी सौम्य आम्ल असतं. मातीतून झिरपताना आणखी आम्ल होतं. चुनखडीला ते विरघळवून नेतं, आणि मग जमिनीखाली गुहा तयार होतात. तीच चुनखडी छतातून ठिबकणाऱ्या थेंबातून पुन्हा बाहेर पडते आणि लोंबत्या खांबांच्या रूपात वाढते, वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने. ग्रॅनाइटसारख्या दगडातलं फेल्डस्पार हे खनिज याच पाण्याने हळूहळू कुजतं आणि त्याची चिकणमाती होते. हो, दगड कुजतो. आपण "कुजणं" हा शब्द लाकडासाठी ठेवलाय, पण पावसाळी प्रदेशात रस्त्यासाठी कापलेली एखादी दरड बघ. दगडाची ठेवण, त्याच्या भेगा, सगळं जिथल्या तिथे दिसतं आणि बोट लावलं की भुगा होतो. त्यातलं एक खनिज मात्र कुजत नाही, ते म्हणजे क्वार्ट्‌झ. आपली गारगोटी. बाकीचं सगळं विरघळलं, चिखल झालं की गारगोटीचे दाणे सुटे उरतात. जगातल्या बहुतेक नद्यांची आणि किनाऱ्यांची वाळू म्हणजे असे मागे उरलेले दाणे. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

कुजलेल्या दगडाची माती व्हायला आणखी हात लागतात, त्यातले पुष्कळसे हात नसलेल्या प्राण्यांचे. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या शेवटी, १८८१ साली, एक अख्खं पुस्तक गांडुळांवर लिहिलं. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याचा हिशेब होता. शेतात पडलेले दगड हळूहळू जमिनीत रुततात ते यामुळेच. खालून माती काढून वर आणून टाकणारं कोणीतरी तिथे चोवीस तास राबत असतं.

आणि हीच माती एका सरीत जाऊ शकते. उघड्या जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब पडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ९ मीटरपर्यंत असतो. तू मातीशी नाक नेऊन बघ. थेंब पडतो, तिथे क्षणभर एक खळगी होते, तिच्या कडेने चिखलाचा मुकुट उभा राहतो आणि कण चहूकडे उडतात. सपाट जागी ते इकडचे तिकडे होतात. उतारावर मात्र खालच्या बाजूला उडालेले कण लांब जातात आणि वरच्या बाजूचे जवळच पडतात. म्हणजे ओघळ वाहायला लागण्याआधीच माती उतरायला लागलेली असते. पाऊस थांबल्यावर बारीक खड्याखाली मातीचा इवलासा खांब उरलेला दिसतो. खड्याने छत्रीसारखी तेवढी जागा राखलेली असते. गवताचं एक पातं हेच काम करतं. बोटभर मातीला तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. म्हणून उतारावरचं गवत उपटलेलं मला बघवत नाही.

पण मी वाट सोडून लांब गेले. तुझा गोटा कड्यातून सुटला इथपर्यंत आपण आलो. कड्यात येण्याआधी तो डोंगराच्या पोटात होता, खोल आणि गरम जागी. ती पांढरी रेघ तिथली. दगडाला तडा गेला, त्या फटीतून गरम पाणी फिरलं, पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटी जिची बनते ते द्रव्य, फटीच्या भिंतींवर बसत गेली आणि अखेर फट भरून आली. बरं झालेल्या जखमेचा व्रण असतो ना, तसा हा गारगोटीचा व्रण आहे. फरक इतकाच की दगडाचा व्रण दगडाहून कठीण असतो. म्हणून गोटे एकमेकांवर घासले तेव्हा आजूबाजूचं जास्त झिजलं आणि रेघ वर राहिली. तुझ्या नखाला लागते ती हीच उंची.

आता हाच नियम मोठ्या मापात बघ. नायगारा धबधब्याच्या माथ्यावर कठीण दगडाचा थर आहे आणि खाली मऊ, पापुद्र्यांचा दगड. पडणारं पाणी खालचा मऊ थर पोखरतं, वरचा थर अधांतरी होतो आणि एक दिवस त्याचा तुकडा कोसळतो. गेल्या सुमारे १२,००० वर्षांत तो धबधबा असा तुटत तुटत ११ किलोमीटर मागे सरकला आहे. माथे सपाट असलेले डोंगर, खडकाळ भुशिरं, नदीतले उंबरे हे सगळं "कठीण ते राहिलं, मऊ ते गेलं" याचंच रूप. एवढी मोठी गोष्ट तुझ्या खिशात मावत होती.

पोटातला दगड वर आला कसा, हा खरा अवघड प्रश्न. पाऊस, नदी, बर्फ, वारा सगळे मिळून खाली ओढतायत. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. एवढ्या काळात ती घासून सपाट व्हायला हवी होती. झाली नाही, कारण आतून कोणीतरी सतत उचलतंय.

पृथ्वीचं कवच एकसंध नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. आतल्या उष्णतेमुळे ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाने. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सांगितलं की खंड एकेकाळी जोडलेले होते आणि मग दूर गेले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात, दोन्हीकडच्या दगडांत तेच जीवाश्म सापडतात. पण खंडाला ढकलतं कोण, हे त्याला पटण्यासारखं सांगता आलं नाही आणि बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावलं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला. त्याचं म्हणणं खरं ठरलं ते १९६० च्या दशकात, समुद्रतळाचा अभ्यास झाल्यावर. त्याच्याविषयी वाचलं की मला दर वेळी वाईट वाटतं. तो चुकला नव्हता, लोक त्याच्या पुराव्याकडे बघायला तयार नव्हते.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा आशियाला येऊन धडकला. मधला समुद्र मिटला, त्याच्या तळाचा गाळ चिरडला, दुमडला आणि वर चढला. एव्हरेस्टच्या शिखरावर, ८,८४८ मीटर उंचीवर, जो दगड आहे तो चुनखडी आहे आणि त्यात समुद्री जिवांचे अवशेष आहेत. जगाचा माथा हा समुद्राचा तळ होता. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

आता एक साधा हिशेब कर. वर्षाला १ मिलिमीटर उचललं तर दहा लाख वर्षांत १ किलोमीटर होतं. या वेगाने ५ कोटी वर्षांत ५० किलोमीटर. मग हिमालय ५० किलोमीटर उंच का नाही? कारण उचलणं सुरू झालं त्या दिवसापासून झिजणंही सुरू झालं. डोंगर आधी पूर्ण उभा राहतो आणि मग झिजतो असं कधी होत नाही. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, आणि डोंगराची आजची उंची म्हणजे त्या दोघांच्या ओढाताणीत आज जे उरलंय ते. त्यात गंमत अशी की झिजण्यामुळेही डोंगर वर येतो. भरलेल्या होडीतून पोती उतरवली की होडी पाण्यात वर उचलली जाते, तसं माथ्याचं ओझं कमी झालं की खालचं कवच वर तरंगतं.

हे वर तरंगणं डोळ्यांनी दिसतं. तापमान मोजण्याच्या अंशाचं नाव ज्याच्यावरून पडलं त्या आंदेर्स सेल्सियसने १७३१ मध्ये स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या एका खडकावर समुद्राच्या पातळीची खूण कोरून घेतली. लोक सांगत होते की पाणी मागे हटतंय. सेल्सियसला वाटलं, समुद्रच कमी होतोय. खरं कारण उलटं होतं, जमीन वर येत होती. हिमयुगात त्या भागावर किलोमीटरांत मोजावा इतका जाड बर्फ होता. तो वितळून हजारो वर्षं झाली, तरी ओझं उतरलेली जमीन अजून वर येतेच आहे, स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या बॉथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर. सेल्सियसची खूण आज पाण्यापासून बरीच वर आहे.

सगळंच असं सावकाश होत नाही. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात भूकंप झाला आणि सपाट जमिनीतून एक लांबलचक उंचवटा उभा राहिला, सुमारे ८० किलोमीटर लांब, काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत उंच. शेजारची जमीन खचून पाण्याखाली गेली. माणसांनी बांधलेला नाही म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं अल्लाह बंद, म्हणजे देवाने घातलेला बांध. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ ला एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात भेग पडली, तिच्यातून धूर आणि राख यायला लागली आणि वर्षभरात तिथे ३०० मीटरहून उंच डोंगर होता, पारिकुतिन. १९५२ मध्ये तो शांत झाला. आइसलंडजवळ १४ नोव्हेंबर १९६३ ला समुद्रातून धूर दिसला आणि सुर्त्से नावाचं बेट जन्मलं. १९६७ पर्यंत ते २.७ चौरस किलोमीटर झालं होतं. लाटांनी तेव्हापासून त्याचा जवळजवळ अर्धा भाग खाल्ला आहे. तुझ्या आजोबांच्या हयातीत एक बेट आलं आणि अर्धं गेलंसुद्धा.

आता दाण्यांकडे येऊ. यासाठीच तुला मघाशी गारगोटीचं लक्षात ठेवायला सांगितलं. तुझा गोटा वालुकाश्म आहे, म्हणजे वाळूचा झालेला दगड. डोंगराच्या पोटात जाण्याआधी तो समुद्राच्या किंवा एखाद्या नदीच्या तळाशी पडलेली सुटी वाळू होता. वर थर साचत गेले, खालची वाळू दबली, दाण्यांमधून झिरपणाऱ्या पाण्याने त्यांना सिमेंटसारखं चिकटवलं. आणि ती वाळू कुठून आली? आणखी जुना एखादा डोंगर कुजला, झिजला, नदीने त्याचे दाणे वाहून आणले. म्हणजे ओंकार, तुझ्या हातातल्या गोट्याची ही पहिली नदी नाही. तो आधी मोठा दगड होता हे खरं. त्याआधी तो वाळू होता. त्याआधी डोंगर. आज त्या डोंगराचं नावनिशाण नाही, कुठे होता तेही या गोट्यावरून मला सांगता येणार नाही, पण त्याचे दाणे भिंगाखाली चमकतात.

हे पहिल्यांदा ज्यांना नीट कळलं त्यांच्यात जेम्स हटन हा स्कॉटिश माणूस होता. तो वैद्यक शिकला होता, पण शेती करत असे, आणि पावसाने माती वाहून जाताना बघत असे. एवढी माती जाते तर जमीन संपत का नाही, हा प्रश्न त्याला सुटेना. १७८८ मध्ये तो दोन मित्रांना घेऊन होडीने सिकार पॉइंट नावाच्या एका भुशिराशी गेला. तिथे खालचे थर पुस्तकांसारखे उभे आहेत आणि त्यांच्या कापलेल्या माथ्यांवर लाल वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे पसरलेत. त्याचा अर्थ लावून बघ. खालचे थर समुद्राच्या तळाशी आडवे साचले. त्यांचा दगड झाला. ते उभे होईपर्यंत दुमडले, वर आले, डोंगर झाले. तो डोंगर झिजून सपाट झाला. मग त्यावर नवी वाळू साचली, तिचाही दगड झाला, आणि तोही वर आला, तेव्हा कुठे हटन तिथे उभा राहिला. दोन थरांच्या मधल्या एका रेषेत ६ कोटींहून जास्त वर्षं गडप आहेत. आकडा हटनला माहीत नव्हता, पण काळ अफाट आहे हे त्या रेषेने त्याला दाखवलं.

दाणे किती टिकतात? पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्यांत झिरकॉन या खनिजाचे अगदी बारीक कण सापडले आहेत. त्यातल्या सर्वांत जुन्याचं वय सुमारे ४४० कोटी वर्षं आहे. पण ज्या दगडात ते अडकलेत तो दगड त्यांच्याहून शंभर कोटींहून अधिक वर्षांनी तरुण आहे आणि तो आपल्या गोट्यासारखाच गाळाचा आहे. ज्या मूळ दगडात ते कण जन्मले तो कधीच नाहीसा झाला. घर गेलं, कण राहिले.

वाऱ्याचं मी काहीच बोलले नाही, आणि एका गोष्टीखेरीज बोलणारही नाही. आफ्रिकेत चाड देशात बोदेले नावाचा आटलेल्या तळ्याचा तळ आहे. सहारा वाळवंटाची, मुख्यतः तिथली धूळ वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडते आणि दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलावर पडते, उपग्रहांच्या मोजणीनुसार वर्षाला सुमारे २.७७ कोटी टन. तिच्यातलं फॉस्फरस झाडांना मिळतं. एका खंडाचं वाळवंट दुसऱ्या खंडाच्या जंगलाला खत घालतं.

आणि एक सांगायलाच हवं. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावर उतरली. तिने पाठवलेल्या सुरुवातीच्या छायाचित्रांत फुटक्या फरशीसारखा एक दगड होता आणि त्यात गोटे रुतलेले होते. गोल गोटे. वारा वाळूचे कण गोल करतो, पण एवढे गोटे त्याला उचलून घोळवता येत नाहीत. म्हणजे तिथे नदी होती, घोट्यापासून कमरेपर्यंत पाणी असलेली, असा शास्त्रज्ञांनी त्यावरून अंदाज बांधला. आज तिथे पाण्याचा एक थेंब वाहत नाही. नदी गेली, पण ती होती याची साक्ष द्यायला तिचे गोटे मागे राहिले. तू काठावर वाकून हजारोंतून जो एक उचललास, तशाच एका दगडावरून माणसाने दुसऱ्या ग्रहावरची नदी ओळखली.

तू "आधी" विचारलं होतंस, पण "पुढे काय" हेही मला सांगायचंय, कारण त्यात थोडी काळजी आहे. हा गोटा नदीत राहिला असता तर पुरांगणिक खाली सरकला असता, लहान होत गेला असता आणि अखेर त्याचे दाणे सुटे होऊन समुद्राशी गेले असते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ नेतात. त्या गाळाने बंगालच्या उपसागराच्या तळाशी सुमारे ३,००० किलोमीटर लांबीचा, पंख्याच्या आकाराचा थर पसरवला आहे. हिमालयाचा केवढा मोठा भाग तिथे पाण्याखाली निजलाय. पुढच्या कुठल्यातरी डोंगराचा तो कच्चा माल.

पण आता बहुतेक मोठ्या नद्यांवर धरणं आहेत, आणि गाळ धरणात थांबतो. नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं, आणि जिथे हजारो वर्षं नदीच्या गाळाने जमीन समुद्रात पुढे सरकत होती तिथला किनारा समुद्र खाऊ लागला. लाटा पूर्वीही तेवढंच नेत होत्या, पण भर घालणारी नदी रिकाम्या हाताने येऊ लागली. धरणाखालचं स्वच्छ, निळं पाणी बघायला सुंदर असतं. ते गाळाविना सुटलेलं असतं, म्हणून पुढे स्वतःचाच तळ आणि काठ खरवडत जातं. धरणं नकोत असं मी म्हणत नाही, माणसांना पाणी हवंच. पण गढूळ नदीला आपण घाणेरडी म्हणतो तेव्हा मला बोलावंसं वाटतं. तो गढूळपणा म्हणजे वाटेतली जमीन आहे, कुठेतरी पोचायला निघालेली.

तुझा गोटा मी कुरियरने पाठवत नाहीये. तो धुऊन पुसून पुन्हा खिडकीत ठेवलाय, टवक्याची बाजू वर करून. तू आलास की भिंगाने दाणे बघू, आणि मग तो नदीत परत सोडायचा की घरी ठेवायचा ते तू ठरव. सोडायचा असेल तर जिथून उचललास तिथेच जाऊ. या वेळी उजेड असतानाच निघू.

तुझी,
आई